रॉकेटचा चौथा पंख

डोंबिवलीची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आईबाबांचं घर रिकामं करायला मी ठाण्याहून दर रविवारी जाऊ लागलो. पहिल्याच रविवारी शोकेसमधून ते रॉकेट बाहेर काढलं. मी सातवीत असताना मामाने अमेरिकेहून आणलेलं. पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं टोक, पातळ लाकडाचे चार पंख. सगळं आपणच जोडायचं आणि उडवायचं. माझे तीन पंख चिकटवून झाले आणि बाबांनी रॉकेट उचलून काचेआड ठेवलं. "फॉरेनची वस्तू आहे, मोडशील." पाहुणे आले की तेच दाखवायचे. मी चिडून त्याचं नावच टाकलं.

आता मात्र डोक्यात बसलं, की घर पडायच्या आत ते पूर्ण करायचं आणि खडवलीला नदीकाठी नेऊन बाबांच्या समोर उडवायचं. बायको म्हणाली, सूड उगवतोयस. असेलही. पण मग ते वर गेल्यावर बाबांनी टाळ्या वाजवाव्यात असं का वाटत होतं, ते मला सांगता येईना.

दारू भरलेली इंजिनाची नळी ठाण्यातल्या एका मित्राकडून मिळाली. तो कॉलेजात पोरांना रॉकेटं करायला शिकवतो. चौथा पंख मात्र घरभर शोधूनही सापडला नाही. बाबा मोहने गावच्या कारखान्यात फिटर होते, हात अजून स्थिर आहे. म्हणाले, "पंख मी करतो. तू रंगाचं बघ." मी रंग घेऊन वर आलो तर पंख लागलेला. मापात, काटकोनात, एकदम फर्स्ट क्लास. फक्त त्याच्यावर सोनेरी गणपती होता.

आईकडे लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. पत्रिकेवरचा गणपती कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून विसर्जनाला निर्माल्याबरोबर देऊ म्हणत ती ठेवते, आणि दर वर्षी विसरते. त्यातल्याच एका जाडजूड पत्रिकेतून बाबांनी पंख कापला होता, गणपतीला धक्का न लावता.

आईने आधी हात जोडले. मग इंजिनाचं कळल्यावर माझ्यावर घसरली. "खालून जाळ काढणार? गणपतीला? डोकं फिरलंय का तुझं?"

"बरं, हा काढून दुसरा लावतो."

"ओरबाडून काढणार? अजिबात हात लावायचा नाही!"

म्हणजे उडवायचं नाही, काढायचं नाही, आणि टाकायचा तर प्रश्नच नाही. मी बाबांकडे पाहिलं. या माणसाने देवळाबाहेर आमच्या चपला सांभाळण्यापलीकडे आयुष्यात देवाचं काही केलेलं नाही. तेच आता म्हणाले, "राहू दे रे. आईच्या भावना असतात."

मी चाटच पडलो. तेवढ्यात खिडकीत प्लायवुडचा एक पातळ तुकडा दिसला. त्याच्यावर पेन्सिलने पंख आखलेला होता, अगदी नीट, नुसता कापायचा बाकी. म्हणजे लाकूड होतं. मग मध्येच पत्रिका कशाला? मला राग आला होता, हसू येत होतं, आणि दोन्हींपैकी कशाला वाट द्यावी तेच कळत नव्हतं.

आई चहा टाकायला आत गेल्यावर मी विचारलं, "बाबा, मुद्दाम केलंत ना?"

ते फडक्याने नळी पुसत होते. "तेव्हा मोडलं असतं तर तू रडला असतास."

"आता नाही रडणार. चला ना, उडवू या."

"तू नाही रडणार," ते म्हणाले. "मी रोज पुसलंय रे हे. तू इथून गेलास त्यानंतरसुद्धा."

रॉकेट पूर्ण झालं होतं की पुन्हा अडकलं होतं, ते मला सांगता आलं नसतं. मी ब्रश घेतला आणि गणपती सोडून बाकीचं लाल रंगवायला बसलो. बाबांनी नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि मी थांबलो तरी ती सोडली नाही.