पाण्याचा कूलर आणि घरातला ग्रॅज्युएट

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे आणि त्यामुळे आमच्या घराण्याचं बरंच नुकसान झालेलं आहे.

वैजापूरकडच्या आमच्या गावात माझ्याआधी भावकीतलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी भूगोल घेऊन बी.ए. झालो, मग बी.एड. केलं आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत मास्तर झालो. तेव्हापासून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पक्की समजूत आहे की जगात जे जे छापलेलं आहे आणि ज्याला ज्याला वायर आहे, ते ते सगळं मला कळतं. कुणाचा मोबाइल बंद पडो, कुणाच्या विहिरीवरची मोटार पाणी उपसेनाशी होवो, अण्णांचं उत्तर ठरलेलं: "आमच्या पोराला दाखवा. ग्रॅज्युएट हाय." एकदा तर त्यांनी मला अडलेल्या म्हशीपुढं नेऊन उभं केलं. (म्हशीनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून तिचा भूगोलावर विश्वास नव्हता, हे स्पष्ट होतं.)

यात अण्णांचा दोष नाही. त्यांनी ज्या हालात मला शिकवलं, ते आठवलं की त्यांच्यासमोर 'हे मला येत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून मी म्हणतो, "बघतो." या एका शब्दानं आजवर माझा घात केलेला आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या साक्षीची बारावी झाली आणि तिनं जाहीर केलं की तिला ॲनिमेशन शिकायचं आहे. प्रवेशासाठी तिला स्वतः केलेली छोटी फिल्म पाठवायची होती, आणि ती सोमवारच्या आत. घरातला जुना लॅपटॉप ते सॉफ्टवेअर उघडायला घेतलं की असा तापायचा, की त्यावर पापड भाजता आला असता. साक्षी म्हणाली, "बाबा, याच्यावर फिल्म होणार नाही. सुटे पार्ट निवडून जोडलेला कॉम्प्युटर पाहिजे. गेमिंगवाला."

"गेमिंग?" माझी बायको मंगल स्वयंपाकघरातून बाहेरच आली. "शिकायचंय का खेळायचंय?"

"आई, गेमला जी ताकद लागते, तीच ॲनिमेशनला लागते."

"मग ताकद शिक्षणाला वापर."

तेवढ्यात साक्षी स्कूटीवरून पडली आणि तिच्या पायाला प्लास्टर बसलं. नातीला बघायला अण्णा गावाहून आले. आता दुकानात कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "बघतो."

साक्षीनं पार्टांची नावं लिहून माझ्या मोबाइलवर पाठवली आणि बजावलं, "बाबा, दुकानदाराला फक्त हे दाखवा. बोलू नका."

"बोलू नका म्हणजे?" मी जरा दुखावलोच.

अण्णा पटका बांधत म्हणाले, "ग्रॅज्युएट बापाला बोलू नका म्हणती! चल रं, मी येतो संगं."

छावणीतल्या बाजारात सलीमभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. माणूस दिलदार. आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "बोलो सर, गेमिंग के लिए होना या एडिटिंग के लिए?"

"नातीच्या शिक्षणासाठी!" अण्णा म्हणाले.

सलीमभाईंनी यादी वाचली. "अच्छी है. केस कौन सी लेंगे सर?"

अण्णा दचकले. "केस नगं, बाबा! बांधाची एक चालू हाय, तीच मिटंना."

सलीमभाईंनी हसत हसत सगळे पार्ट ज्यात बसवतात ती काचेची पेटी दाखवली. आत निळे-जांभळे दिवे लुकलुकत होते. अण्णांनी तिला दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "गणपतीची आरास वाटायली. पण कातडं लई पातळ हाय."

मग रॅमच्या पट्ट्या आल्या. सलीमभाई म्हणाले, "ये जोडी में लेना, चाचा. अकेली नक्को."

"व्हय की!" अण्णांना पहिल्यांदाच ओळखीचं काही भेटलं. "पर दोन्ही एका अंगाची द्या. एक पुढं वढती अन् एक मागं ऱ्हाती, असं नगं."

"हौ चाचा, एकदम वैसीच."

आतापर्यंत मी एक शब्द बोललो नव्हतो. लेकीची आज्ञा पाळणारा असा बाप मराठवाड्यात झाला नसेल. पण मग सलीमभाईंनी मोबाइलवर बोट ठेवलं. "सर, कूलर के सामने लिखा है, 'जो असेल तो'. ये प्रोसेसर के साथ कूलर नहीं आता, अलग लेना पड़ता. दूँ?"

आणि मी मनात हसलो. त्याचं असं होतं, साक्षीच्या खोलीत आमचा जुना पत्र्याचा कूलर आहे. वाळ्याच्या ताट्यांचा, चाकांच्या स्टँडवरचा, चालू केला की मालगाडी गेल्यासारखा खडखडणारा. "नवा घ्या ना बाबा," असं ती दर उन्हाळ्यात म्हणते. म्हणजे कॉम्प्युटरच्या यादीत पोरीनं हळूच कूलर घुसवला! लबाड! आणि दुकानदारही कसा बघा, एप्रिल-मे आला की कॉम्प्युटरसोबत कूलरही गळ्यात मारतो!

"कूलर नको," मी हुशारीनं म्हणालो. "घरी आहे."

"घर में है? हवा का या पाणी का?"

"पाण्याचाच." (हवेचा कूलर! म्हणजे पंखाच की! मला काय बी.ए. कुणी फुकट दिलं होतं?)

"अरे वा! शौकीन हो सर तुम! पंखे कितने?"

"एकच. पण मोठा आहे."

"चलता. बिटिया बसवून घेईल ना?"

"बसवायचा काय त्यात? तिच्याच खोलीत लावलेला आहे."

"फिर तो झंझटच नहीं!" सलीमभाईंनी यादीतून कूलर वगळला. संध्याकाळी बाकी सगळे पार्ट जोडून आमच्या हाती देताना मात्र त्यांनी पुन्हा बजावलं, "सर, एक बात. कूलर लगाए बगैर चालू नका करू. एक मिनट भी नहीं. जळून जाईल."

मला थोडं नवल वाटलं. पण भूगोलाच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथला उन्हाळा! माणसं पोळतात, तिथं यंत्राचं काय? पुण्यात नसेल लागत कूलर, आमच्याकडं लागतो.

दुसऱ्या दिवशी मंगल साक्षीला घेऊन पायाच्या डॉक्टरांकडं गेली. मी ठरवलं, पोरगी परत येईपर्यंत कॉम्प्युटर सुरू करून तिला चकित करायचं. (ती चकित झाली. याबाबत कुणाचं दुमत नाही.)

मी वायरी जोडल्या. अण्णांनी पेटीला हळदकुंकू लावलं. मग आम्ही दोघांनी कूलर ढकलत आणला आणि टेबलाला भिडवला. अण्णांनी बादलीनं पाणी भरलं. हवा थेट आत जावी म्हणून मी पेटीची बाजूची काच काढून ठेवली.

अण्णांनी आत डोकावून विचारलं, "ह्ये मधलं चकाकतंय चौकोनी, ह्ये कामून उघडं हाय?"

"हवा लागायला, अण्णा."

"आस्सं!"

त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून मला राहवलं नाही. मी त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं. कोरडी हवा ओल्या वाळ्यातून येते, पाण्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता शोषली जाते. माठ, कूलर, कॉम्प्युटर, सगळीकडं तत्त्व तेच! अण्णा मान डोलावत राहिले. मग मी आधी कूलर लावला आणि नंतर कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

दिवे लागले! स्क्रीन उजळली! अण्णांनी हात जोडले. आणि सगळं विझलं.

पुन्हा बटण दाबलं. यावेळी स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली. मी मोठ्यानं वाचली, "सीपीयू फॅन एरर."

"मंजी?"

"पंखा कमी पडतोय, असं म्हणतंय."

"बघ! शिक्षान असलं की असं लगीच कळतंय."

मी कूलरचा खटका 'मध्यम'वरून 'जोरात'वर नेला. मालगाडीची राजधानी झाली. पडदे आडवे झाले, कॅलेंडर उडालं, कूलरच्या जाळीतून बारीक बारीक तुषार येऊ लागले. कॉम्प्युटर पुन्हा पेटला आणि पुन्हा विझला.

"पाणी कोमट हाय," अण्णा म्हणाले. "बरफ टाकू का?"

मला तो विचार शास्त्रशुद्ध वाटला. फ्रिजमधला होता नव्हता तेवढा बर्फ आम्ही टाकीत ओतला. मी कूलर आणखी पुढं सरकवला, इतका की त्याचं तोंड आता जवळजवळ पेटीच्या आत होतं. अण्णा पटक्याच्या शेवानं टेबल पुसत होते. मी पुन्हा बटणाकडं बोट नेलं आणि...

"बाबाऽऽऽ!"

दारात साक्षी. एका काखेत कुबडी, दुसऱ्या बाजूला मंगल. पोरगी प्लास्टरच्या पायासकट एका उडीत पलंगापाशी आली आणि तिनं दोन्हींचे प्लग उपटले. घरात अशी शांतता पसरली, की टाकीतल्या बर्फाचा किणकिणाट ऐकू येऊ लागला.

तिनं पेटीत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "बाबा, कूलर कुठंय?"

"हा काय!" मी हातानं दाखवला.

साक्षी पलंगावर बसली. मग बारीक आवाजात म्हणाली, "त्या मधल्या चौकोनी प्रोसेसरवर बसवायचा असतो कूलर. एवढासा असतो." आणि तिचे डोळे भरले. "सोमवारच्या आत फिल्म द्यायचीय, बाबा. जळला असंल तर?"

मला माझी पदवी कुठं लपवू, असं झालं. मी सलीमभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून मग कुणीतरी खुर्चीवरून पडल्यासारखा आवाज आला. मग सलीमभाई म्हणाले, "सर, कशालाबी छूना नक्को. मैं आया."

ते खरोखरच नवा कूलर घेऊन स्कूटरवर आले. कॉम्प्युटरचे कूलरही हवेचे आणि पाण्याचे असे दोन्ही असतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पाण्याचा आणला नाही, म्हणाले, "आप के घर में पाणी बहुत हो गया." एक एक पार्ट बाहेर काढून त्यांनी फुंकर मारून, पुसून पाहिला. साक्षी नखं खात होती. मंगल माझ्याकडं बघतही नव्हती, आणि एवढं भयंकर तिनं बावीस वर्षांच्या संसारात कधी केलं नव्हतं.

अण्णा मात्र माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "भाई," ते सलीमभाईंना म्हणाले, "पोराची चूक नाय. तुमच्या लोकांचीच हाय. दोन येगळ्या गोष्टींला एकच नाव कामून ठिवता? त्यो ग्रॅज्युएट हाय, म्हून त्याला कूलर म्हंजी कूलरच वाटला. माझ्यासारख्या अडाण्याला काय, कायबी वाटलं असतं."

हा बचाव ऐकून मला रडावं की हसावं कळेना. सलीमभाई गंभीरपणे म्हणाले, "बराबर है चाचा. गलती नाम की है."

मग त्यांनी तो एवढासा कूलर बसवला आणि साक्षीला म्हणाले, "दाबा बेटा."

साक्षीनं डोळे मिटून बटण दाबलं. दिवे लागले. स्क्रीन उजळली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. ती उजळलेलीच राहिली! मंगलनं देवाला हात जोडले आणि मग नाइलाजानं माझ्याकडंही एकदा पाहिलं.

"मशीन शहाणी है सर," सलीमभाई म्हणाले. "लई तापली तो खुदच बंद हो जाती." (ही सोय माणसात असती, तर मी दुकानातच बंद पडलो असतो.)

साक्षीची फिल्म सोमवारच्या आत गेली. ती काय करतेय, हे ती आम्हाला दाखवत नव्हती. फक्त अण्णा तिच्याशेजारी बसून स्क्रीनकडं बघत पटक्यात तोंड खुपसून हसायचे. काही दिवसांनी तिला मुलाखतीला बोलावलं. तिथं सगळ्यांसमोर फिल्म लावली, तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसून ती पहिल्यांदा पाहिली. एक टक्कल पडत चाललेला माणूस आणि एक पटकेवाला म्हातारा एका कॉम्प्युटरला मोठ्या मायेनं बर्फाचं पाणी आणि वारा घालतायत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत इतका अभिमान तिनं कसा काढला, देव जाणे!

परीक्षक पोट धरून हसत होते. त्यांतल्या बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "ही कल्पना सुचली कशी तुला?"

साक्षीनं एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि अगदी अण्णांच्या सुरात म्हणाली, "माझे बाबा ग्रॅज्युएट आहेत."