विषाबरोबर उतारा करणारा माणूस

गेलं वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर सर्वाधिक चर्चा झाली ती एका विष घालणाऱ्या माणसाची. तो एका मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, मालिकेतला खलनायक आहे. वय तरुण, केस पांढरे, व्यवसाय औषधांचा. गादी बळकावलेल्या राजासाठी तो दरबारातली माणसं एकेक करून संपवतो, कारण त्याची धाकटी बहीण राजाच्या कैदेत आहे. समोरच्याला तो आधी नीट बसवतो, चहा गाळून देतो, दमलात का म्हणून विचारतो. प्रत्येक विषाबरोबर तो उताराही तयार करतो, कुपी खिशात ठेवून जातो आणि बहुतेक वेळा तशीच परत आणतो. त्या ‘बहुतेक’वर मालिका चालते.

त्याला घरात आणलं नववीतल्या माझ्या मुलीनं. मी मूळचा साताऱ्याचा, चेन्नईतल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक. बायको इथलीच, तंजावर मराठी, नोकरी सिरुसेरीला. सासूबाई आमच्याकडेच शोळिंगनल्लूरला राहतात. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळच्या चालीवर बोललेली. मुलगी शाळेत तमिळ आणि इंग्रजी बोलते. घराबाहेर मराठी बोलणं तिनं आदल्या वर्षी बंद केलं होतं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ती ‘माझा शाळा’ म्हणाली आणि पुढच्या रांगा हसल्या. तमिळमध्ये शाळेला पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, हे हसणाऱ्यांना कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून रविवारी साताऱ्याहून माझ्या वडिलांचा फोन आला की ती ‘नमस्कार आजोबा’ एवढं म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. वडिलांना इंग्रजी येत नाही.

सासूबाईंचं मात्र तिच्याशी मराठीवाचून चालत नव्हतं. एका दुपारी त्यांनी तिचं मांगाचं पुस्तक उचललं आणि डावीकडून उघडलं. मांगा उजवीकडून वाचतात. त्यामुळे त्यांना आधी प्रेत दिसलं, मग चहा.

“हा मेल्यावर चहा पितो का ग?” त्यांनी विचारलं.

“आजी, उलटं धरलंयस!”

नीट धरून दिल्यावर सासूबाईंची नजर पांढऱ्या केसांवर गेली. “पोर दिसायला बरं आहे. काय करतो?”

“विष घालतो.”

“सेरी, बरं. सांग.”

मग रोज दुपारी एक प्रकरण होऊ लागलं. मुलगी इंग्रजीतून वाचायची आणि मराठीतून सांगायची. खलनायक सुरुवातीला सगळ्यांना ‘तू’ म्हणत असे. सासूबाईंनी ते थांबवलं. एवढा मर्यादेचा माणूस असं बोलणार नाही, त्याच्या तोंडी ‘आपण’ घाल, असा त्यांचा निर्णय होता. ‘आपण’ म्हटल्यावर तो जास्त भीतिदायक झाला, असं मुलगी मला म्हणाली. कुपी खिशातच राहिली की सासूबाई हळहळायच्या, “अय्यो, पाप!”

या शब्दाचा खुलासा करायला हवा. तमिळमधल्या ‘पावम’चे दोन अर्थ आहेत: पाप, आणि बिचारा. आमच्या घरच्या तंजावर मराठीनं दुसरा अर्थ ‘पाप’ या शब्दातच भरून घेतला. सासूबाई ‘पाप’ म्हणतात तेव्हा त्यांना कीव आलेली असते. मुलगीही तसंच म्हणते.

गणेशोत्सव जवळ आला. ‘माझी आवडती व्यक्तिरेखा’ या स्पर्धेत सासूबाईंनी परस्पर तिचं नाव दिलं. मुलीनं एक दिवस अबोला धरला, मग अट घातली.

“एकदाच बोलेन. हसले, तर मराठी बंद. घरातसुद्धा. आजी, तुझ्याशीसुद्धा.”

सासूबाईंनी मान हलवली, पण रात्री त्या नीट जेवल्या नाहीत.

भाषण माझ्याकडे आलं. मी ते संपादित केलं. कागद हातात आला की ते होतंच. लिंगं दुरुस्त केली आणि ‘तो पाप आहे’ खोडून सगळीकडे ‘तो बिचारा आहे’ केलं.

“माझ्या भाषणाला तुमच्या पेपरचा वास येतोय, अप्पा,” ती म्हणाली. पण पाठ केलं.

मंचावर तिची सुरुवात चांगली झाली. चहा आला, ‘आपण दमलेले दिसता’ आलं, मांडव शांत झाला. मग ती एका म्हाताऱ्या प्रधानाच्या प्रसंगावर आली. खलनायक दारापर्यंत जाऊन परत वळतो, खिशात हात घालतो, पण कुपी काढत नाही. इथे तिचं पाठांतर सुटलं. ती म्हणाली, “पाप, तो!”

तंजावरकडच्या बायकांच्या रांगेतून उत्स्फूर्तपणे आलं, “अय्यो, पाप!” महाराष्ट्रातून आलेली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कोणीतरी हसलं. माझ्या शेजारी सासूबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

परीक्षक होत्या चेन्नईत आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या एक निवृत्त मराठी शिक्षिका. त्यांनी माइक ओढला. “बाळ, मला कळलं नाही. त्यानं पाप केलं, की तो बिचारा आहे?”

“दोन्ही, बाई,” ती म्हणाली. “आमच्या घरी त्याला एकच शब्द आहे.”

आता सगळेच हसले, बाई सर्वांत मोठ्यानं, आणि माइक चालू राहिल्यामुळे ते हसू मांडवाबाहेर चपलांपर्यंत ऐकू गेलं. मुलगीही हसत होती. बक्षीस तिसरं मिळालं. पहिलं शिवाजी महाराजांना गेलं. मसालेभाताच्या रांगेत बाई तिच्यामागे उभ्या राहिल्या आणि प्रधान जगला का, म्हणून विचारू लागल्या.

“तुम्हीच वाचा ना! पण उजवीकडून हां. आमच्या आजीनं फसगत करून घेतली होती.”

“फसगत तुझी,” सासूबाई म्हणाल्या. “मला शेवट आधी कळला.” त्यांनी भात दोनदा घेतला.

रविवारी साताऱ्याचा फोन आला. मुलीनं उचलला, नमस्कार म्हणाली. मी सवयीनं हात पुढे केला.

“आजोबा, वेळ आहे? एक माणूस आहे, तो विष घालतो. नाही हो, चांगला आहे. म्हणजे, ऐका तर...”

माझ्या पुढे केलेल्या हातात तिनं रिकामा कप ठेवला आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली.