धुराचं धुणं

दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरीदाबाद असा सगळा मुलूख धरला तरी त्यात हवेवर बाराही महिने चिडलेला माणूस एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. बाकीचे आम्ही दिवाळीनंतर महिना-दीड महिना चिडतो. मुलांच्या शाळा बंद झाल्या की ग्रुपवर चार मेसेज टाकतो, मास्क लावतो आणि होळीपर्यंत सगळं विसरून जातो. साडू मात्र ऐन सप्टेंबरात, पाऊस नुकताच होऊन गेलाय, आभाळ निळंशार आहे, लोक इंडिया गेटवर आइस्क्रीम खातायत, अशा वेळीही रागावलेले असतात. "आज दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एवढ्या नेमाने आमच्या घरात कुणी देवाचंही करत नाही.

ते रसायनशास्त्र शिकलेले आणि मानेसरच्या बाजूला एका कारखान्यात पिकलिंग विभागात नोकरीला. लग्न ठरताना मध्यस्थाने पुण्यात माझ्या सासऱ्यांना "मुलगा पिकलिंग प्लांटमध्ये केमिस्ट आहे" एवढंच सांगितलं, आणि सासरच्या मंडळींनी लोणच्याचा कारखाना समजून आनंदाने होकार दिला. खाण्याच्या धंद्याला मरण नाही, असं सासरे तेव्हा म्हणाले होते म्हणे. सासूबाई पहिल्यांदा लेकीकडे दिल्लीला आल्या त्या दोन रिकाम्या बरण्या घेऊन. मग साडूंनी त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवून समजावलं, की लोखंडी तारांवरचा गंज काढायला त्या ॲसिडच्या टाकीत बुडवतात, त्याला पिकलिंग म्हणतात. टाकीतून जी जहाल वाफ उठते ती पंख्याने ओढून एका दुमजली नळकांड्यात न्यायची, वरून कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा फवारा सोडायचा, आणि धुतलेली हवा तेवढी चिमणीतून वर जाऊ द्यायची. "ॲसिडला सोडा भेटला की दोघांचं मिळून मीठ होतं. भांडण मिटलं. आम्ही याला स्क्रबर म्हणतो, तुम्ही धुराचं धुणं म्हणा." सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मीठ तरी घरी आणता येतं का?"

या धुण्यापायी साडूंना एक विचित्र खोड लागली. ते माणसांकडे बघत नाहीत, बोल्टांकडे बघतात. कुणाच्याही घरी गेले की आधी बाल्कनीत जाऊन ग्रिलचे बोल्ट, गच्चीवरचे पत्रे, खिडक्यांच्या बिजागऱ्या पाहून येतात, मग पाणी पितात. लोखंड कुठल्या हवेत किती दिवस राहिलंय हे त्यांना अंगठ्याच्या नखाने खरवडून कळतं. मी नोएडात फ्लॅट बघितला तेव्हा त्यांना मोठ्या हौसेने घेऊन गेलो. तीन बेडरूम, मेट्रो हाकेच्या अंतरावर. साडू बाल्कनीत पाच मिनिटं उकिडवे बसले आणि म्हणाले, "साडूभाऊ, इमारत चार वर्षांची आणि बोल्ट म्हातारा. मागे कुठेतरी कुणीतरी धूर न धुता सोडतंय. इथे घेऊ नका." मी घेतला. एसीची कॉइल दोनदा सडली. "सांगितलं होतं" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. फोन केला की फक्त विचारतात, "मुलीचा खोकला कसा आहे?" त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरात मी हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं त्या दिवशी मात्र ते बोलले. "सगळ्यांची हवा घाण करायची आणि आपल्या खोलीपुरती गाळून घ्यायची. छान आहे." आणि त्यांनी यंत्राची पिन काढून तिथे आपला मोबाइल चार्जिंगला लावला. तेव्हा मला त्यांचा सणसणीत राग आला होता. अजूनही थोडा आहे, पण आता तो नेमका कुणावर आहे ते सांगता येत नाही.

संक्रांत हा तर आमच्या घरात धोक्याचा सण. महाराष्ट्र मंडळातल्या एका आजींनी एकदा त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाल्या, तर साडू म्हणाले, "तीळ ठेवतो, गूळ तुम्ही परत घ्या." थोरल्या मेहुणीबाईंना कुठे तोंड लपवावं कळेना. गुळाशी त्यांचं वैर जुनं आहे. गुळाने घसा साफ होतो म्हणून त्यांच्या कारखान्यात ॲसिडच्या टाकीवरच्या माणसांना रोज गुळाचा खडा वाटत. एरवी सुपारीएवढा. पण वीज आणि सोडा वाचवण्यासाठी ज्या दिवशी मॅनेजर फवारा बंद ठेवायला सांगे, त्या दिवशी खडा लिंबाएवढा होई. साडू गेटमधून आत शिरताना लोकांच्या हाताकडे बघत आणि तिथूनच संतापत. "माणसाच्या घशात गूळ कोंबून चिमणी धुतली जात नाही," असं ते मॅनेजरच्या टेबलासमोर उभं राहून सांगत. टाकीवर अठरा-वीस माणसं होती. त्यांतल्या निम्म्यांचे पुढचे दात ॲसिडच्या वाफेने झिजून गेले होते. साडूंची सगळी नोकरी, सगळं भांडण, या माणसांच्या डोक्यावरचा फवारा चालू राहावा एवढ्यासाठी होतं.

भांडणाचं रोजचं कारण म्हणजे एक रजिस्टर. फवाऱ्याच्या पाण्यात सोडा पुरेसा आहे की नाही ते दर पाळीला मोजून आकडा लिहायचा आणि खाली साडूंनी सही करायची. हे आकडे महिन्याच्या एक तारखेलाच, एका बैठकीत, एकाच पेनाने, तीस तारखेपर्यंत लिहून तयार असत. सगळे उत्तम. साडू सही करत नसत. मॅनेजर समजूत घालायचा, "सर, आप टेन्शन बहुत लेते हो. साइन ही तो करना है." साडू आपल्या पुणेरी हिंदीत म्हणायचे, "साइन मेरा है, पानी आपका. पानी में सोडा डालो, साइन अपने आप आ जाएगा." मग कुणीतरी खाली आडवीतिडवी रेघ ओढून त्यांची सही मारून टाकी. मला हे सांगताना आजही संताप येतो. या शहरात पोरांच्या छातीत घरघर होते आणि कुठल्यातरी कपाटात एका सुंदर अक्षरातलं रजिस्टर बसलेलं असतं, सगळं उत्तम आहे म्हणून सांगत.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात प्रदूषण मंडळाचे साहेब तपासणीला आले. त्या दिवशी पहाटेपासून फवारा धो-धो चालू, पाण्यात दोन पोती सोडा, गूळ गायब. साहेबांनी चिमणी पाहिली, रजिस्टर चाळलं, मान डोलवली आणि चहाचा कप हातात घेतला. तेव्हा साडू पुढे झाले. "साहब, पाँच मिनट छत पर चलेंगे?" आठ महिन्यांवर निवृत्ती आलेला गृहस्थ शिडीवरून पुढे, मागे साहेब, त्यामागे घाम पुसत मॅनेजर. वर चिमणीच्या बाजूचे पत्रे पापडासारखे झाले होते. साडूंनी एका बोल्टाला हात लावला, तो हातात आला, आणि त्यांनी तो साहेबांच्या तळहातावर ठेवला. "नीचे का रजिस्टर इन्होंने भरा है. ये वाला साल भर हवा ने भरा है."

कंपनीला नोटीस आली. आठवडाभरात कंपनीने तातडीने कारवाई केली. म्हणजे छपराचे सगळे पत्रे आणि बोल्ट नवे बसवले, आणि साडूंना आता आपल्या सेवेची गरज नाही असं पत्र दिलं. निरोप समारंभ नाही, शाल नाही, काही नाही. मी चिडून वकील बघायला निघालो होतो. साडूंनीच अडवलं. त्यांचं म्हणणं, नोटिशीच्या धाकाने फवारा आता चालवतीलच, आणि ते आपल्याला पत्र्यांवरून कळेल. फवारा चालू असला तर नवा पत्रा वर्षानुवर्षं चमकतो, बंद असला तर काही महिन्यांत पांढुरका पडतो. मग दर महिन्याला हा माणूस मेट्रोने, पुढे शेअर ऑटोने मानेसरला जायचा. कारखान्यासमोर पुलाच्या चढावर चहाची टपरी आहे, तिथून छप्पर खाली दिसतं. दोन चहा पिऊन घरी यायचे आणि मला फोन करायचे, "चमकतायत हो. नोकरी गेली, पण धुणं सुरू झालं." असे सात-आठ फोन आले. आयुष्यात पहिल्यांदाच साडू जरा खुशीत होते, आणि मेहुणीबाई म्हणत होत्या की घरात करमत नाही, कुणी ओरडतच नाही.

नंतर त्यांना मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, वर्षभरापासून तरी डोळ्यांत असणार. ऑपरेशनच्या आधी एक फेरी मारू म्हणून गेल्या डिसेंबरात ते मला बरोबर घेऊन गेले. टपरीवर बाकावर बसलो. ऊन स्वच्छ होतं. त्यांनी छपराच्या दिशेने तोंड केलं आणि विचारलं, "चमकतायत ना?"

चिमणीच्या बाजूचे पत्रे चुना फासल्यासारखे झाले होते. कडेला तांबूस डागही धरले होते. हो म्हणणं फार सोपं होतं. पण ज्याने उभ्या जन्मात खोट्या आकड्याखाली सही केली नाही, त्याला खोटा आकडा द्यायचं धाडस मला झालं नाही. मी म्हणालो, "नाही दादा. पांढरे पडलेत." त्यांनी विचारलं, "चिमणीकडचे?" मी हो म्हणालो. मी वाट बघत राहिलो, की आता ते उठतील, गेटवर जातील, कुणाची तरी गचांडी धरतील. मी धरायला मदत केली असती. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, "टाकीवरची माणसं तीच असतील." मग उठले.

परतीच्या शेअर ऑटोत पुढच्या ट्रकचा काळा धूर सरळ आमच्या तोंडावर येत होता. ऑटोवाला त्याच्या मागेच गाडी चिकटवून चालला होता आणि मी त्याच्यावर उगाचच, घसा बसेपर्यंत ओरडलो. साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो." वीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, आणि मला ते अजिबात आवडले नाहीत.