शेळीचं दावं

कवठे येमाईच्या पंक्चरवाल्या मामांचं बोलणं 'म्हंजी'नं सुरू व्हायचं आणि बऱ्याचदा तिथंच संपायचं. आग्या मोहोळ काढायला आसपासची माणसं त्यांनाच बोलवायची. अंगणात आले की ते आधी झाडाकडं बघायचेच नाहीत. कुत्रं, वासरू, शेळी, जे काही बांधलेलं असेल ते सोडून द्यायचे.

"म्हंजी, माणूस पळतंय ताई. बांधलेलं कुठं जाईल?"

आमच्या चिंचेवरचं मोहोळ काढायला आले, तेव्हाही त्यांनी आधी शेळी सोडली. ती सरळ माझ्या मेथीच्या वाफ्यात शिरली. मेथी ती किती, चार जुड्यांची. पण मामा ओला पाला गोळा करण्यात गुंतलेले बघून मी शेळीला ओढत नेलं आणि गोठ्याआडच्या खुंट्याला परत बांधलं.

धूर वर गेला आणि मोहोळ उठलं. आम्ही घरात पळून दारं लावली. शेळी ओरडायला लागली. मामा घोंगडी पांघरून तिच्याकडं धावले, पण माश्यांनी त्यांना अर्ध्यातूनच परतवलं. थोड्या वेळानं तिचं ओरडणं थांबलं.

दिवस मावळल्यावर माश्या निवल्या. मामांचा एक डोळा सुजून मिटला होता. मी काहीतरी सांगायला गेले, पण ते थांबले नाहीत. मेलेल्या शेळीपाशी बसून त्यांनी सुजलेल्या बोटांनी तिच्या गळ्यातली गाठ सोडवली. मग 'म्हंजी'सुद्धा न म्हणता दावं नीट गुंडाळून माझ्या हातात दिलं.