पन्नासच्या पन्नास

शनिवारी सकाळी सहा चाळीसला आर्डिस ट्वेट गॅरेजमधल्या प्रेसचा दांडा खाली ओढत होती. वय एकसष्ट. आठवड्याचे पाच दिवस ती कॉटनवुड बेंडच्या शाळेची बस चालवते आणि सुट्टीत काडतुसं भरते. पुढ्यात पन्नास रिकामी पितळी काडतुसं होती. दुपारी बाराला ड्वेन हॉकन्सन ती तपासणार होता, आणि एक जरी नापास झालं तरी रविवारच्या नेमबाजी सामन्यातल्या चौघांच्या संघातून तिचं नाव कटणार होतं.

हा नियम आर्डिसमुळेच आला होता. गेल्या वर्षी तिने नवरा नॉर्ब याची डाय उसनी घेतली होती. डाय म्हणजे झाडून फुगलेलं काडतूस पुन्हा आवळणारा साचा; नॉर्बची फक्त मान आवळते. नॉर्बच्या हरणाच्या बंदुकीला तेवढं पुरतं, कारण तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा खिट्टा, हाताने रेटून बंद होतो. आर्डिसची रायफल सेमी-ऑटोमॅटिक. तिचा बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर मिटतो, काडतूस जरा फुगीर असलं की मध्येच थांबतो. ऐन सामन्यात तो थांबला आणि संघ शेवटचा आला.

या खेपेला तिने अंग बुडापर्यंत आवळणारी डाय घेतली होती, आणि गेजही. गेज म्हणजे पोलादाची पुंगळी. काडतूस आत टाकायचं, ते काठाशी सपाट बसलं की पास. त्रेचाळीस बसली होती. सात नखभर वर डोकावत होती.

"डाय अजून खाली फिरव," नॉर्ब दारातून म्हणाला. अंगात पायजमा, हातात कॉफी.

"दोनदा फिरवली. आता फिरवली तर टेबलातून आरपार जाईल."

"मग तिसरी डाय घे. माझ्या बुटांचे पैसे त्यात घाल, मी यंदाही जुनेच बूट घालीन."

"तू गप रे! तुझ्याच डायनं माझं नाक कापलंय."

वैतागून तिने एक काडतूस उलटं, बुडाकडून गेजमध्ये कोंबलं. ते गेलंच नाही. नुसतं बूड, तेही जाईना! तिने बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. बारीक कुसळ टोचलं. रायफलचा आकडा रिकामं काडतूस हिसडून बाहेर फेकतो, तेव्हा कडेचं पितळ उचकटतं. डायचा काही दोष नव्हता.

कानशीचे दोन हात मारले, काडतूस सुलटं करून सोडलं. टक्क.

"नॉर्ब!"

"काय जाळलंस?"

"ऐक!" टक्क. "अजून ऐक!" टक्क. सातव्याला तिने नॉर्बच्या कॉफीसकट त्याला गरकन फिरवलं. निम्मी कॉफी पायजम्यावर गेली. दोघं खोकला येईपर्यंत हसली. मग हसू आवरून तिने बंदुकीची दारू मोजली, गोळ्या बसवल्या आणि भरलेलं एकेक काडतूस पुन्हा गेजमधून काढलं.

बाराला ड्वेनच्या दुकानात काउंटरवर पेटी उघडली. ड्वेन हा दुकानदार आणि संघाचा कप्तानही. त्याने चष्मा चढवला.

"काय गं बसवाली, यंदा रायफल चालणार की ढकलावी लागणार?"

"तू मोज. तोंड नंतर चालव."

एकोणपन्नास टकटक बसली. पन्नासावं त्याने मुद्दाम वरून सोडलं. टक्क. आर्डिसने काउंटरवर असा हात आपटला की मासेमारीच्या गळांची बरणी कलंडली.

"आता तुझी," ती म्हणाली.

"माझी? मी कप्तान आहे."

"नियमाचा कागद दारावर तूच लावलायस. त्यात कप्तानाला सूट कुठंय?"

ड्वेनचं तिसरंच काडतूस नखभर वर राहिलं. त्याने ते दाबलं, फुंकलं, बाहीला पुसलं.

"ही नवी डायच भिकार," तो पुटपुटला. "सोमवारी परत पाठवतो."

आर्डिसने काडतूस त्याच्या हातातून काढलं, उलटं करून गेजवर टेकवलं. बूड काठावरच अडलं.

"डायला नको शिव्या देऊ, ड्वेन. बुडाला हात लाव."

त्याने अंगठा फिरवला. कुसळ टोचलं. नापास काडतूस बाजूला काढून त्याने दुसरं भरलेलं घेतलं, ते आधी उलटं लावून पाहिलं, मग सुलटं. टक्क. आर्डिस पुन्हा हसत सुटली. हसतच तिने त्याला संध्याकाळपर्यंत सगळी पुन्हा तपासून आणायची मुदत दिली आणि आपल्या पेटीवर त्याची सही घेतली.

दुकानाच्या दारावर यादी लागली आहे: रविवारी साडेसातला रेंजचं फाटक उघडेल, आठला पहिली पाळी, नेमबाज आर्डिस ट्वेट.