खुर्चीवरून काटोलपर्यंत

त्या हिवाळ्यात शहरातल्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी, लाकडी खुर्चीवर बसून मी माहेरच्या एसटीचा प्रवास केला. कमरेच्या मणक्यातली गादी सरकली होती. कळ कमरेतून निघायची ती थेट टाचेपर्यंत. सदर भागातल्या ऑफिसात आठ-आठ तास खुर्चीला चिकटून बसणारी मी, पण आता दहा मिनिटांत घामाघूम व्हायचे.

हे झालं बाबांच्या संत्र्यांपायी. नरखेड तालुक्यातल्या आमच्या बागेतून ते दरवर्षी एक पोतं ओळखीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. तोंडाला सुतळी, तिला त्यांची ती न सुटणारी गाठ. मी ते घाईघाईने कमरेत वाकून एका झटक्यात उचललं, आणि तशीच खाली बसले. बाबांना मात्र सांगितलं की ऑफिसात पाण्याचा जार उचलला. खोटं बोलल्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. खरं कळलं असतं तर म्हातारा जेवला नसता.

फिजिओथेरपिस्ट बाई भारी कडक. ऑपरेशनचं नाव काढलं तर म्हणाल्या, बहुतेकांचं त्याशिवायच बरं होतं, शरीराला वेळ द्या. पाय बधिर झाला, लघवीला त्रास झाला, तर मात्र लगेच या. तोवर रोज चालायचं, पालथं झोपून हळूहळू छाती उचलायची, वाकायचं नाही. बसायचं ते घड्याळ लावून, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत.

"आणि गावाला कधी जाऊ?"

"अडीच तास नीट बसता येईल तेव्हा."

आमची एसटी अडीच तासच घेते. जानेवारी सरता सरता संत्र्याला फूल येतं. विहिरीवर उभं राहिलं तरी वासानं डोकं भरून जातं. मला ते फूल हवं होतं. औषधासारखं नाही, हट्टासारखं हवं होतं.

म्हणून मी मिनिटांची गावं केली. अर्धा-पाऊण तास म्हणजे कळमेश्वर, दीड तास म्हणजे काटोल. संध्याकाळी बाबांचा फोन यायचा.

"आज कुठंवर आली वं माय?"

"कळमेश्वर."

"कालबी तिथंच होती. गाडी पंक्चर झाली काय?"

मी हसायचे आणि हसलं की कमरेत कळ यायची. पण ती कळ आता टाचेतून पोटरीत, पोटरीतून मांडीत सरकत होती. बाई खूश होत्या. दुखणं पायातून वर कमरेकडे परततंय, हे चांगलं लक्षण, म्हणाल्या. दुखण्याला घरी परतता येत होतं, मला नाही, याचा मला राग यायचा.

काटोल गाठलं त्या दिवशी बाबा म्हणाले, "फूल झडून राहिलं आता." फोन ठेवून मी पालथी पडले आणि रडले. छाती उचलायची राहूनच गेली.

मार्चमध्ये खरी एसटी धरली. झाडांवर मिऱ्याएवढी हिरवी फळं होती. बाबांनी माझी पर्ससुद्धा मला उचलू दिली नाही.

पुढच्या हंगामात पाठ ठणठणीत होती. मी पोत्याची वाट पाहिली. दिवाळी गेली, तोडणी सुरू झाली, कंडक्टरचा फोन काही आला नाही. बाजारातली संत्री आणली, पण त्यांना ती गाठ नव्हती. शेवटी मीच विचारलं, "बाबा, यंदा पोतं नाही पाठवलं?"

पलीकडे मोटारपंपाचा आवाज येत राहिला.

"मागचं पोतं म्याच बांधलं होतं वं माय. त्याचं वजन मले मालूम नव्हतं काय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"संत्रं खायचं असन तं इथं येऊन खाय," ते म्हणाले. "मी सोलून देतो."