जवळ कोण आहे?

चिनाराला पसाऱ्याचा मनस्वी तिटकारा. बिश्केकमध्ये एका छोट्या कंपनीत ती प्रॉडक्ट टीम चालवायची, आणि तिच्या हाती आलेलं कुठलंही गुंतागुंतीचं काम चार दिवसांत सडपातळ होऊन बाहेर पडायचं. घरी चहाचे प्यालेसुद्धा मोजून सहा. सातवा पाहुणा आला तर त्याने वाट बघावी. आमच्याकडे पाहुण्याला ताटकळत ठेवतात का कधी? पण बोलणार कोण तिला!

एका इस्पितळासाठी त्यांचं अ‍ॅप होतं. अर्धा देश मॉस्कोला कमवायला गेलेला आणि मागे म्हातारी माणसं आजारी. त्यांचं कसं चाललंय ते लांबच्या पोरांना फोनवर कळावं, एवढंच काम. ते मुळात तोक्तोसुन बाइकेंनी बांधलेलं. बाइके म्हणजे वयाने मोठा, मानाचा माणूस. हाताला गुणी, पण तोंडातून शब्द काढायचा तर सांडशी लागायची. त्यांच्या अ‍ॅपात रकानेच रकाने, आणि ते भरता भरता नर्स मेटाकुटीला आलेल्या.

चिनाराने टीमला बसवलं, एकेक रकाना पडद्यावर लावला आणि विचारत सुटली, "हा कशाला?" धड उत्तर नाही आलं की उडवलाच.

"एजे, तुम्हाला बाळंतपणाचं अ‍ॅप दिलं तर नऊ महिन्यांचे तीन कराल!" टीममधली जिबेक म्हणाली. सगळे हसले. मोठ्या बहिणीसारखी म्हणून तिला एजे म्हणायचे सगळे.

मग तो रकाना आला. नातेवाइकाच्या नंबरासमोर प्रश्न होता, 'जवळ कोण आहे?' तिथे दुसऱ्या कुणाचा तरी नंबर घालायचा. काही मेसेज आधी त्या माणसाला जात, आणि त्याने होकार दिला की मगच नातेवाइकाला.

"बाइके, हे काय आहे?"

"असू दे."

"असू दे म्हणजे? कशासाठी?"

बाइकेंनी हातातला प्याला फिरवला. "कधीतरी लागतं, पोरी."

"कधीतरी म्हणजे कधी?"

खोलीतल्या बाकी सगळ्यांना ठाऊक होतं कधी. परगावी असलेल्या माणसाला मरणाची बातमी आमच्यात कुणी थेट देत नाही. आधी त्याच्या आसपासच्यांना कळवतात. चार वडीलधारी त्याच्या दारी जातात, बसतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि दोन्ही बाजूंनी खांद्याला हात लावून मग सांगतात. पण आजाऱ्यांच्या अ‍ॅपची बैठक चाललेली असताना मरणाचं नाव कोण घेणार? अभद्र बोलणं ते! ज्याच्या त्याच्या घरी कुणी ना कुणी खोकतच होतं. बाइकेंनी मान खाली घातली, जिबेक नखं बघायला लागली. आणि चिनाराला, शप्पथ सांगतो, सुचलंच नाही. झाडायला घेतलं की माणसाला एक झिंग चढते, तशी तिला चढली होती.

"उडवा," ती म्हणाली. "बातमी कळायची तर सगळ्यांना एकदम कळावी. त्यात लपवाछपवी कसली?"

नवं अ‍ॅप झकास झालं. नर्सनी दुवा दिला, इस्पितळाच्या साहेबांनी मानाचा खाऊ म्हणून घोड्याच्या मांसाची काझी पाठवली. चिनाराने ती सगळ्या टीमला वाटली.

हिवाळ्यात तिचे वडील ओमुरझाक छातीच्या दुखण्याने त्याच इस्पितळात दाखल झाले. धाकटा भाऊ सागिन मॉस्कोत मालाची गाडी चालवायचा, दिवसभर एकटा. त्याचा नंबर तिनेच हौसेने अ‍ॅपात घातला. सागिन रोज फोन करायचा. "एजे, तुझं अ‍ॅप म्हणतंय म्हाताऱ्याने सूप प्यायलं. खरं ना? का तूच बटण दाबतेस?"

मग डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. चिनाराने मॉस्कोतल्या मामांना गुपचूप कळवलं, "वेळ आली तर चार माणसं घेऊन सागिनकडे जा. त्याला एकट्याला कळू देऊ नका." कारण आई गेली तेव्हा चौघांनी धरूनही तो हातातून निसटला होता आणि धावत्या गाड्यांसमोर गेला होता. वाचला ते नशीब. आता आपण उशाशी बसलोय, आधी आपल्याला कळेल, मग मामांना, असं तिने मनाशी धरलं होतं.

दुपारी ती थर्मासमध्ये गरम पाणी आणायला खाली गेली. परत जिना चढताना फोन वाजला. पांढरा पडदा, ठळक अक्षरं, एकच ओळ. त्या मजकुरातल्या दोन ओळी तिनेच उडवल्या होत्या. 'रुग्ण ओमुरझाक यांचं निधन झालं.'

जिन्यात तिच्याजवळ कुणी नव्हतं. आणि बापासाठी हंबरडा फुटायच्या आधी तिच्या तोंडून निघालं, "सागिन!"

ती धावत वर गेली. नर्स रडवेली झाली होती. "तुम्हालाच शोधत होते हो. डॉक्टरांनी नोंद केली आणि ते आपोआप गेलं…"

"थांबवा ते!"

"कसं थांबवू, एजे? थांबवायचं काही ठेवलंयच कुठे त्यात?"

मामांना फोन लावायला वेळ नव्हता. तिने सागिनला लावला. वाजतोय, वाजतोय. देवा, उचल रे!

"हां एजे! गाडीवर आहे. तुझं अ‍ॅप आत्ताच वाजलं, पुढे थांबलो की बघतो. काय, म्हाताऱ्याने आज परत सूप सांडलं का?"

आपण सांगावं तर असं फोनवर, एकट्या माणसाला? न सांगावं तर तो फोन सांगणार, तिच्याच नेटक्या एका ओळीत.

"उघडू नकोस ते," ती म्हणाली. "गाडी बाजूला घे आधी."

"का गं? बरं, घेतो. घेतली."

मामा शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथून येईपर्यंत हा काय हातात फोन धरून नुसता बसणार होता? तिला दुसरं काही बोलताच येईना.

"सागिन," तिने विचारलं, "तुझ्या जवळ कोण आहे?"

आमच्या माणसाला हा प्रश्न उगाच कुणी विचारत नाही. पलीकडे गाडीचा वळायचा दिवा टिकटिकत राहिला. ती कानाशी फोन धरून उभी होती, दुसऱ्या हातात थर्मास तसाच.

"कुणीच नाही, एजे," सागिन म्हणाला.